रत्नव्वाचा बाणा

रत्नव्वा गेल्याचं पोस्टकार्ड माझ्या हातात पडलं तेव्हा तिला जाऊन अकरा दिवस झाले होते. कार्ड जत तालुक्यातल्या माझ्या जुन्या दवाखान्याच्या पत्त्यावर गेलं होतं. तिथल्या शिपायानं ते खिडकीत जपून ठेवलं आणि साताऱ्याकडे येणारं कुणीतरी भेटल्यावर पाठवून दिलं. अक्षर तिच्या सुनेचं होतं, मोठं, सुटं सुटं. 'सासूबाई सोमवारी सकाळी वारल्या. डॉक्टरांना कळवा म्हणून सांगितलं होतं.' कुणी सांगितलं होतं, रत्नव्वानं की तिच्या नवऱ्यानं, ते लिहिलं नव्हतं... त्याच आठवड्यात, साताऱ्याजवळच्या ज्या संस्थेत ती साडेतीन वर्षं राबली, त्या संस्थेचा वार्षिक अहवाल माझ्या टेबलावर येऊन पडला. गुळगुळीत कागद, आत रंगीत फोटो. मागावर बसलेली रत्नव्वा, डोक्यावरून पदर, हातात धोटा. खाली एक ओळ : 'आमच्या एक लाभार्थी महिला.' नाव नव्हतं. ती आजारी पडल्याची नोंदही नव्हती, कारण ती कुठं राहते हे तिच्या हयातीतही संस्थेत कुणी विचारलं नव्हतं. त्या एका ओळीमुळे मी हे लिहायला बसलो आहे. लाभ कोणाकोणाला झाला ते निदान एकदा छापून यावं. आणि ज्यांना झाला त्यांत मी आहे, हे आधीच सांगून टाकतो.

मी जनावरांचा डॉक्टर. आमचं घर सांगलीजवळच्या जैन शेतकऱ्यांचं. मुलगा जनावरं फाडून बघायचं शिक्षण घेतो, याचं आईला वाटलेलं वाईट कधी पुरतं गेलं नाही. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला माझी बदली जत तालुक्यात झाली. बायको साताऱ्याला शाळेत शिकवत होती, लहान मुलगी तिच्याजवळ, आणि मी आठवडाभर माळावर. कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेलं एक गाव माझ्या दवाखान्याकडे होतं. तिथली माणसं मराठीत सुरू केलेलं वाक्य कन्नडमध्ये संपवत. त्या उन्हाळ्यात टँकर तिसऱ्या दिवशी यायचा. एक दिवस निरोप आला की सणगरांच्या घरात आठवड्यात तीन मेंढरं गेली, रोग शिरलाय, डॉक्टरांनी लगेच यावं. मी पोचलो तेव्हा तिसरी मेंढी नुकतीच मेली होती. गाभण होती. मी तिथंच, घरामागच्या मोकळ्या जागेत, ती उघडली. रोग नव्हता. पोटाच्या मोठ्या कप्प्यातून घमेलंभर प्लॅस्टिक निघालं. बाजारातल्या पातळ पिशव्या, दुधाच्या पिशव्या, खताच्या पोत्यांचे दोरे, सगळं एकमेकांत पिळून ओल्या दोरखंडासारखं झालेलं. दोन-तीन वर्षांपूर्वीपर्यंत त्या गावच्या आठवडी बाजारात मीठ-मिरची कागदाच्या पुड्यात मिळायची. मग पिशवी आली. बाजार उठला की माळावर चरण्यासारखं तेवढंच उरायचं.

रत्नव्वा माझ्या शेजारी उकिडवी बसून बघत होती. चाळिशी ओलांडलेली, उंच, हाडापेरानं दणकट बाई. रडत नव्हती.

"ह्येनं मेली?" तिनं विचारलं.

"हो. पोट भरलंय असं जनावराला वाटतं. मग ते खात नाही."

"म्हंजी भरल्या पोटानं उपाशी मेली."

 पिशव्या पुरून टाका असं सांगून मी हात धुवायला उठलो, तर म्हणाली, "पुरू नगा. द्या हिकडं." कशाला, म्हणून विचारलं, तर माझ्याकडे न बघता म्हणाली, "माझ्या मेंढीच्या पोटातलं हाय. माझंच की."

दुःखानं बाईचं डोकं जाग्यावर नाही असं मला वाटलं. तीन आठवड्यांनी लस टोचायला गेलो, तर निवडुंगाच्या कुंपणावर त्याच पिशव्या वाळत घातलेल्या होत्या. आत बोलावून तिनं मला वीतभर रुंदीचा एक तुकडा दाखवला. उभे धागे काळ्या लोकरीचे आणि आडवे प्लॅस्टिकचे, दुधाच्या पिशवीचा निळा-पांढरा रंग मधूनमधून चमकत होता. हात फिरवला तर खालून लोकरीची ऊब लागायची आणि वरून गार. "ताणा लोकरीचा, बाणा पिशवीचा," ती म्हणाली. "लोकर मेंढीच्या अंगावरची, ही पोटातली. दोनी मेंढीचंच."

सणगर म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या घोंगडी विणणारी माणसं. रत्नव्वाचा नवरा भीमाण्णा पंचक्रोशीतला नावाजलेला विणकर होता. पण काचबिंदूनं त्याची दृष्टी जात चालली होती, आणि तोवर गावोगावच्या बाजारात गिरणीची रंगीत ब्लँकेटं आली होती. घोंगडं घेणारा एखादा म्हातारा धनगर सोडला तर कुणी उरला नव्हता. त्यांच्यात बाईनं लोकर पिंजायची, चातीवर सूत काढायचं, चिंचोक्याची खळ शिजवायची. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसायचं ते पुरुषानं. भीमाण्णानं मागावरून उठून भिंतीला टेकणं पत्करलं आणि रत्नव्वा खड्ड्यात उतरली. भावकीची बोलणी खावी लागली. बाई मागावर बसली की घर बसतं, असं तिच्या चुलतसासऱ्यानं चारचौघांत सुनावलं. तिनं उत्तर दिलं, "घर बसल्यालंच हाय, मामा. मी बसून बगती, काय उटतंय का." हे मला भीमाण्णानंच सांगितलं, आणि सांगताना तो हसत होता. बायकोचा त्याला राग नव्हता. ती विणायला बसली की तो भिंतीला टेकून धोट्याच्या आवाजावरून तिची चूक सांगायचा. "सैल पडलं. पुन्ना ठोक." ती पुन्हा ठोकायची.

तिची रीत तिनंच शोधली. पिशवी विळीवर गोल गोल कापत गेलं की एका पिशवीची एकच अखंड फीत निघते, मध्ये गाठ मारावी लागत नाही. ती फीत चातीवर पिळायची, फार पिळली तर तुटते, कमी पिळली तर भुसभुशीत राहते. दुधाची पिशवी मऊ, ती वर घ्यायची. बाजारातली पातळ पिशवी उन्हात दोन महिन्यांत तुकडे होऊन पडते, तिला खताच्या पोत्याच्या दोऱ्याची जोड द्यायची. पण खरा प्रश्न पाण्याचा होता. टँकरच्या गावात कचरा धुवायला कोण पाणी देणार? शेजारणींनी एकदा तिची घागर हिसकून घेतली. तेव्हापासून ती पिशव्या राखेनं आणि वाळूनं घासायची, आणि शेवटी ओल्या फडक्यानं पुसायची. एक फडकं, दहा पिशव्या. पुढं मोठ्या पदव्या मिळवलेल्या लोकांनी टाकाऊतून टिकाऊ यावर माझ्यासमोर भाषणं केली. त्यांतल्या एकालाही तिनं ते फडकं कसं पिळलं ते माहीत नव्हतं.

तिच्या त्या विणीची बसकरं, म्हणजे बसायची छोटी आसनं, फार सुंदर होती, हे मी मैत्रीपोटी म्हणत नाही. सांगलीत माझ्या मामेभावाचं चटई-सतरंजीचं दुकान आहे. मी सहा बसकरं त्याच्याकडे नेऊन ठेवली. तो आधी हसला. "डॉक्टर, आता कचरा विकायला आणलास काय?" पण त्यानं ती दाराशी मांडली, आणि आठवड्याभरानं निरोप पाठवला की अजून आण. पाणी पडलं तरी पुसून घेता येतं, देवापुढं, न्हाणीपुढं, पाहुण्याला, कुठंही चालतं. त्याच दुकानात साताऱ्याच्या एका महिला संस्थेच्या अध्यक्षबाईंनी ते बघितलं आणि मामेभावाकडून माझा पत्ता घेतला.

त्या बाई वाईट नव्हत्या. वाईट माणसापासून सावध तरी राहता येतं. शिकलेल्या, मऊ बोलणाऱ्या, बायकांच्या हाताला काम मिळावं असं मनापासून वाटणाऱ्या. महाबळेश्वरची हॉटेलं आणि येणारेजाणारे पर्यटक मिळून घाटात प्लॅस्टिकचे ढीग लावत होते, त्यांना त्याचं काहीतरी करायचं होतं, आणि कसं ते उमगत नव्हतं. रत्नव्वाचं बसकर हातात घेऊन त्या म्हणाल्या, "हेच हवं होतं." मेढ्याच्या रस्त्याला त्यांची जागा होती. तिथं शेड उभी करायची, आसपासच्या बायकांना रत्नव्वानं शिकवायचं, राहायची-जेवायची सोय संस्था करणार. बोलता बोलता त्यांनी माझी चौकशी केली. कुटुंब साताऱ्यात आणि मी जतला, हे ऐकून हळहळल्या. त्यांचे दीर वरपर्यंत ओळखी असलेले. बदलीसाठी मी शब्द टाकला नव्हता, असं मी पुष्कळ दिवस लोकांना सांगत आलो. मी शब्द टाकला होता.

रत्नव्वाचा पाय घरातून निघत नव्हता. भीमाण्णाला सोडून जायचं, ते पण अशा डोळ्यांच्या माणसाला. मुलगा इस्लामपूरकडे साखर कारखान्याच्या ट्रकवर, घरात सून. तिनं मला सरळ विचारलं, "डाक्टर, तुमी सांगा. जाऊ का?"

"जा अक्का," मी म्हणालो. "तुमची कला चार लोकांपुढं जाईल."

"तुमी म्हणताय तर जाती. पर माग न्ह्याचा. दुसऱ्या मागावर माझा हात बसायचा न्हाई."

माग उकलून एसटीच्या टपावर चढवला. चार महिन्यांनी माझा साताऱ्याच्या बदलीचा हुकूम आला.

पहिलं वर्ष बरं गेलं, हे मला लिहिलं पाहिजे, कारण ते खरं आहे. नऊ बायका शिकल्या. रत्नव्वा त्यांच्यावर ओरडायची आणि त्यांच्या डोक्याला तेलही लावून द्यायची. जावळीतला पाऊस तिनं उभ्या जन्मात पाहिला नव्हता. आठ दिवस खंड पडला नाही तेव्हा मला म्हणाली, "पडतोय का वरनं कोण वतायलंय? आमच्याकडं ह्यातलं चार घागरी जरी पाटवलं आसतं..." रविवारी आमच्या घरी यायची, माझ्या मुलीला कन्नड अंक शिकवायची. एकदा आम्ही तिला महाबळेश्वरला नेलं, स्ट्रॉबेरी खायला दिली. एक खाऊन तिनं उरलेल्या परत दिल्या. "बोर बरं," म्हणाली. "येवढ्या लांबनं गाड्या घिऊन लोक ह्येच्यासाटी येत्यात?"

हॉटेलांकडून मागणी यायला लागली आणि तिथून सगळं वाकडं व्हायला लागलं. महाबळेश्वरच्या एका मोठ्या हॉटेलला न्हाणीघरापुढची पायपुसणी, टेबलावरच्या छोट्या चटया, उशांची कव्हरं असं पुष्कळ हवं होतं, शिवाय हंगामाच्या दिवसांत रत्नव्वाचा माग त्यांच्या बैठकीच्या दालनात हवा होता. खड्डा खणता येईना, म्हणून लाकडाचा चौथरा केला. इस्त्रीचं नऊवारी नेसवून, खांद्यावर घोंगडं टाकून तिला त्यावर बसवलं. एप्रिलमध्ये, खांद्यावर घोंगडं. लोक शेजारी उभं राहून फोटो काढून घेत. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मुंबईच्या एका बाईंनी तिला विचारलं, हे कशाचं आहे? रत्नव्वानं जे खरं तेच सांगितलं. "पिशवीचं. माझी मेंढी फाडली तवा तिच्या पोटातनं निगालं, त्याचं पयलं इणलं." बाईंनी हात झटकला. हॉटेलनं संस्थेला कळवलं. अध्यक्षबाईंनी रत्नव्वाला जवळ बसवून समजावलं की असं सांगायचं नाही, पाहुण्यांना किळस येते. निसर्ग वाचवायचा म्हणून हे करतो, असं सांगायचं. त्या वेळी मी तिथं होतो. रत्नव्वानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग मेंढीचं कुणी सांगायचं?"  दुसऱ्या दिवशी कुणी विचारलं तेव्हा तिनं पुन्हा मेंढीचंच सांगितलं. आठवड्याभरात तिला खाली शेडमध्ये परत आणलं. माग वरच राहिला, दालनात शोभा म्हणून. त्यावर एक फुलदाणी ठेवलेली मी पाहिली आहे.

तेवढ्यात कुणा सल्लागारानं संस्थेला सांगितलं की विणणं फार सावकाशीचं काम आहे. पिशव्यांचे थर एकावर एक ठेवून तापवलेल्या दोन लोखंडी पाट्यांमध्ये दाबले की मिनिटभरात कापडासारखा जाड पत्रा निघतो. तो कापायचा, कडा शिवायच्या. हॉटेलांनाही तेच आवडलं. सपाट, चकचकीत, एकसारखं. माग उचलून कोपऱ्यात लावले आणि शेडमध्ये दोन यंत्रं आली. कोणती पिशवी किती तापली की चिकटते आणि कुठं जळते, हे बोटांनी ओळखणारी एकच बाई होती. म्हणून रत्नव्वा यंत्रापाशी. पत्र्याची शेड, दोन खिडक्या. पावसाळ्यात चार महिने त्या बंद, नाहीतर माल भिजतो. मी एकदा तिला भेटायला आत शिरलो आणि दारातच थबकलो. डोळ्यांत पाणी आलं. निळसर धूर डोक्याच्या उंचीवर थांबलेला होता आणि त्याच्याखाली बायका वाकून काम करत होत्या. रत्नव्वा खोकत बाहेर आली. शेडच्या वळचणीला आम्ही उभे राहिलो.

"डाक्टर, एक इचारू?"

"विचारा की."

"ह्या शेडमदी मेंढरू बांदल्यालं आसतं, तर तुमी त्येच्या मालकाला काय सांगितलं आसतं?"

मला उत्तर शोधावं लागलं नाही. कुठल्याही मालकाला मी सांगितलं असतं की जनावर आत्ताच्या आत्ता बाहेर काढ, आणि ऐकलं नाही तर स्वतः दावं सोडलं असतं. पण माझ्या डोक्यात एकदम पुष्कळ गोष्टी आल्या. अध्यक्षबाईंचे दीर, माझी साताऱ्यातली खुर्ची, मुलीची शाळा. मी संस्थेच्या सल्लागार मंडळावर होतो, माझं नाव त्यांच्या पत्रिकेवर छापलेलं होतं. मी म्हणालो, "खिडक्या थोड्या उघड्या ठेवत जा, अक्का."

तिनं पदर नाकाला लावला. मग "बरं," म्हणाली आणि आत गेली.

पुढचं वर्षभर ती त्या यंत्रापाशी होती. मी सभेत खिडक्यांचा विषय एकदा काढला, पंखा बसवायचं ठरलं, ते इतिवृत्तात लिहिलंही गेलं. पंखा आला नाही. मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. एके दिवशी ती कुणाला न सांगता गाठोडं घेऊन गावी निघून गेली. माग मागितला होता, तर तो आता संस्थेच्या मालमत्तेच्या यादीत आहे असं तिला सांगण्यात आलं. त्याबद्दल मी एक पत्र लिहिलं. त्याचं गोड उत्तर आलं.

मिरजेला तिला मीच घेऊन गेलो. सुनेनं कळवलं होतं की दोन पावलं चाललं तरी दम लागतो. छातीचे फोटो काढले. डॉक्टर तरुण होते, नीट विचारपूस करणारे. फोटो उजेडापुढं धरून त्यांनी विचारलं, "मावशी, काम काय करत होता? भट्टीवर होता का कुठं? धुरात?" रत्नव्वानं माझ्याकडे पाहिलं. मी त्या फोटोकडे पाहत होतो, जसं काही मला त्यातलं काही वाचायचं होतं.  मग तीच म्हणाली, "घोंगडी इणायची." डॉक्टरांनी लोकरीची धूळ असं लिहून घेतलं. धूळही असेल. पिंजताना ती चाळीस वर्षं नाकात गेलीच होती. कशानं किती झालं हे आता कुणी सांगू शकणार नाही, आणि संस्थेतले लोक आज नेमकं हेच म्हणतात. पण डॉक्टरांना अर्धंच सांगितलं गेलं, आणि उरलेलं अर्धं माझ्याजवळ होतं. बाहेर बाकावर बसल्यावर ती म्हणाली, "तुमी बोलाल वाटलं." रागानं नाही. गाडी चुकल्यावर माणूस बोलतो तसं. जतच्या गाडीत मी तिला बसवून दिलं. तीच शेवटची भेट.

पोस्टकार्ड आल्यावर पहिल्या सुट्टीला मी गावी गेलो. सांगलीहून मामेभावाची मोटारसायकल घेतली. भीमाण्णा घरात बाजेवर बसला होता. आता त्याला उजेड-अंधार एवढंच कळतं. आवाजावरून त्यानं मला ओळखलं, सुनेला चहा ठेवायला सांगितला, माझ्या मुलीची चौकशी केली. मागाचा खड्डा बुजवून वरून सारवून घेतलं होतं. मी पाठ करून गेलो होतो काय बोलायचं ते. त्या दिवशी वळचणीला तिनं मला काय विचारलं आणि मी काय उत्तर दिलं, मिरजेत मी का गप्प राहिलो, सगळं ह्या माणसाला सांगायचं आणि मग तो जे म्हणेल ते ऐकून घ्यायचं. चहाचा कप हातात धरून मी सुरुवात केली.

"भीमाण्णा, साताऱ्यात ती काम करायची तिथं धूर होता. त्याचं मला—"

त्यानं हात वर केला. "व्हय, सांगितलं हुतं तिनं. तुमी कशाला मनाला लावून घेताय? तुमी जनावरांचं डाक्टर. माणसाच्या छातीतलं तुमास्नी काय कळणार?"

हे तो मला सोडवण्यासाठी बोलला. खवचटपणा त्याच्या आवाजात नव्हता. हेच वाक्य मी स्वतःला दोन वर्षं ऐकवत आलो होतो आणि ते खोटं आहे हे मला माहीत होतं. धूर ओळखायला कुठली पदवी लागते? तिला स्वतःला तो ओळखता आला होता, म्हणूनच तिनं माणसाचं न विचारता मेंढराचं विचारलं, मला बोलणं सोपं व्हावं म्हणून... भीमाण्णा उत्तराची वाट बघत होता. मी "हो," म्हणालो. "नाही कळलं." आणि चहा प्यायलो. तिथं जे बोललो नाही ते इथं लिहितो आहे. भीमाण्णाला हे कुणी वाचून दाखवलं तर दाखवावं, म्हणूनही लिहितो आहे.

निघायला उठलो तसा तोही उठला. मी त्याला धरायला गेलो, तर सून म्हणाली, "नगा धरू. त्यास्नी येतंय." तेव्हा माझं लक्ष खाली गेलं. बाजेपासून दारापर्यंत जमिनीवर हातभर रुंदीची एक पट्टी अंथरलेली होती, आणि तीच पुढं उंबऱ्यावरून बाहेर अंगणात गेली होती. काळा लोकरीचा ताणा, वर पिशव्यांचा बाणा. माग नव्हता, म्हणून अंगणात बाभळीच्या दोन खुंट्या रोवून, त्यांना ताणा बांधून रत्नव्वानं ती शेवटच्या सात-आठ महिन्यांत विणली. "दम लागायचा," सून म्हणाली. "दिसाला वीतभर व्हायचं. आमी नगं म्हणायचो, तर ऐकायच्या न्हाईत." लोकर कमी आणि पिशवी जास्त घातली होती, मुद्दाम. पाऊल पडलं की ती कुरकुरते, माती कुरकुरत नाही. भीमाण्णाला तळव्यालाही कळतं आणि कानालाही, की आपण वाटेवर आहोत.

तो अनवाणी, काठी न घेता, माझ्यापुढं चालत राहिला. दारातून बाहेर, अंगणात, शेळ्यांच्या खुंट्याला वळसा घालून. फाटक दहा-बारा पावलांवर राहिलं तिथं तो थांबला. पट्टी तिथं संपत होती. शेवटचे ताण्याचे धागे गाठी न मारता तसेच मोकळे होते.

"फाटकापातूर न्ह्यायची हुती तिला," तो म्हणाला. "हितपातूरच झालं. जावा तुमी. मला म्होरं येता यायचं न्हाई."

मी मोटारसायकल सुरू करायच्या आधी वळून पाहिलं. तो परत फिरला होता, आणि एकेक पाऊल टाकत, कुरकुर ऐकत, घरात चालला होता.